खर्च वाढला कीं खरेदी बिघडली?

चार सुशिक्षित माणसें एकत्र जमलीं, कीं पहिल्या पांच मिनिटांत हवापाण्याचा विषय संपतो आणि सहाव्या मिनिटास महागाईचा निघतो. डाळीचा भाव काय झाला, तेल कोठें जाऊन पोंचलें, पूर्वीं एवढ्याच पैशांत काय काय येत असे, ह्याची उजळणी होते. सरकारास चार शब्द आणि व्यापाऱ्यास आठ शब्द ऐकविले जातात. आणि मंडळी एकमेकांच्या दुःखानें थोडीशी सुखावून आपापल्या घरीं परततात. परततांना वाटेंत एखादा गृहस्थ खिशांतील मोबाईल काढून घरीं संपलेलें लोणी, मुलासाठीं चिवड्याचें पाकीट आणि सहज डोळ्यांपुढें आलेल्या आणखी दोन जिनसा मागवितो. तो दारांत पोंचण्यापूर्वीं सामान दारांत हजर! ज्या महागाईवर अर्धा तास व्याख्यान झालें, तिलाच आपण पाट मांडून पंक्तीस बसविलें, हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं.

आमचें म्हणणें प्रथमच स्पष्ट सांगतों, म्हणजे गैरसमज नको. महागाई खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची मिळकत रोजच्या मजुरीची आहे, त्याला तर हा लेख वाचून दाखविणेंही क्रूरपणाचें होईल. तो गरजेपलीकडे कांहीं विकत घेतच नाहीं. आमचा वाद आमच्यासारख्या पांढरपेशा, शिकलेल्या, महिनेमहाल पगार घेणाऱ्या कुटुंबांशीं आहे. ह्या घरांतून वाणसामानाच्या नांवाखालीं जो पैसा जातो, त्याचा मोठा हिस्सा भाववाढीनें जात नसून, आपण खरेदी करण्याची विद्या विसरलों म्हणून जातो, असें आमचें मत आहे. आणि हें विसरणें केवळ आळसाचें नाहीं. त्यांत एक खोटी प्रतिष्ठा दडलेली आहे, म्हणून तें अधिक निंद्य होय.

आंकडे पाहूं. एर्न्स्ट एंगेल ह्या जर्मन पंडितानें १८५७ सालीं असा सिद्धान्त मांडला, कीं कुटुंबाची मिळकत जसजशी वाढते तसतसा तिच्यांतील अन्नावरच्या खर्चाचा वांटा कमी होत जातो. आपल्या देशांतही तसें झालें आहे. सरकारी पाहणीप्रमाणें १९९९-२००० सालीं शहरांतील कुटुंब दर शंभर रुपये खर्चांतून सुमारें ४८ रुपये अन्नावर घालवीत असे. २०२२-२३ च्या पाहणींत हा आंकडा सुमारें ३९ वर आला. येथपर्यंत कोणासही समाधान वाटेल. पण त्या ३९ रुपयांच्या पोटांत शिरून पाहा. पेयें, तयार खाद्यपदार्थ आणि बाहेरचें शिजविलेलें अन्न ह्यांवर १९९९-२००० सालीं शंभरांतील सुमारें ६ रुपये जात. २०११-१२ सालीं ९ जाऊं लागले. २०२२-२३ सालीं १० रुपयांच्याही पुढें गेले. शहरी कुटुंबाच्या अन्नखर्चांतील हेंच आज सर्वांत मोठें सदर आहे. दूध त्याच्या खालीं, भाजीपाला त्याच्या खालीं, धान्य तर फारच खालीं. तेव्हां डाळीच्या नांवानें जो शंख आपण करतों, त्यांतला पुष्कळसा आवाज वस्तुतः पाकिटांचा आहे.

आमच्या आज्यांच्या काळीं महिन्याच्या आरंभीं यादी होत असे. तो कागद अर्ध्या तासांत तयार होई खरा, पण त्यापूर्वीं प्रत्येक डबा उघडून, हालवून, त्यांत हात घालून पाहिलेला असे. काय उरलें, किती लागलें, पाहुणे कोण येणार, सण कोणता, ह्याचा विचार झाल्यावांचून यादींत एक ओळ पडत नसे. त्या काळास आम्ही सुवर्णयुग म्हणत नाहीं. वाण्याचें माप खोटें असे, मिरचींत विटेची पूड असे, उधारीच्या वहींत घर अडकलेलें असे, आणि निवडण-टिपणांत बायकांचा जन्म जाई. त्या गोष्टी गेल्या, फार बरें झालें. परंतु त्यांच्याबरोबर यादीही गेली, हें मात्र बरें झालें नाहीं. पूर्वीं यादी घर करी आणि ती दुकान भरी. आतां यादी दुकान करतें आणि ती घर भरतें! सारा अनर्थ ह्या एका उलथापालथींत आहे.

मोठ्या दुकानाची रचनाच पाहा ना. दूध, अंडीं, पाव ह्या रोजच्या जिनसा बहुधा अगदीं शेवटच्या टोकास असतात. म्हणजे अर्धा लिटर दुधासाठीं सारें दुकान ओलांडावें लागतें. डोळ्यांच्या पातळीवर जें मांडलेलें असतें तें आपल्या सोयीचें नसून दुकानाच्या नफ्याचें असतें. स्वस्त माल गुडघ्याखालीं. पैसे देण्यासाठीं रांगेंत उभें राहावें तों मुलाच्या हाताच्या उंचीवर गोळ्या-चॉकलेटें मांडलेलीं. ह्यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. दुकानदार आपला धंदा डोळसपणें करतो. प्रश्न एवढाच, कीं आपण आपला संसार तितक्या डोळसपणें करतों काय?

दहा मिनिटांत जिन्नस घरपोंच आणून देण्याची जी नवी सोय मोठ्या शहरांतून झाली आहे, ती ह्या आंधळेपणाची परमावधि होय. कोथिंबीर विसरली, मागवा. बिस्किटें संपलीं, मागवा. पण एकट्या कोथिंबिरीस पोंचविण्याचें शुल्क पडतें. अमुक रकमेच्या वर खरेदी केली तर तें माफ. झालें! दहा रुपयांची कोथिंबीर फुकट यावी म्हणून दीडशें रुपयांचा नको असलेला माल आपण घरांत घेतों आणि वर पंचवीस रुपये वांचविल्याचा आनंद मानतों. विसरण्यास पूर्वीं एक शिक्षा होती: त्या दिवशीं त्या जिनसेवांचून भागवावें लागे. त्या लहानशा शिक्षेनेंच घरांत स्मरणशक्ति टिकून होती.

आतां वजनाकडे वळूं. कारण सुशिक्षितांची सर्वांत मोठी लाज येथें आहे. १९५६ सालच्या कायद्यानें शेर-पायली जाऊन किलो-लिटर येण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हां आतां हिशेब सोपा झाला असें सर्वांस वाटलें. पुढें बिस्किटें, चहा, खाद्यतेल, पीठ, मीठ, साबण अशा कित्येक जिनसा ठराविक वजनाच्या पाकिटांतूनच विकाव्या असा नियम होता. २०२१ सालच्या दुरुस्तीनें तें बंधन काढून टाकण्यांत आलें, आणि त्याच्या बदल्यांत पाकिटावर एका ग्रॅमास, किलोस किंवा लिटरास काय दर पडतो तो छापण्याची सक्ति करण्यांत आली. बंधन गेलें त्याचा लाभ कारखानदारांनीं तत्काळ घेतला. दर छापला जाऊं लागला त्याचा लाभ घेणारा गिऱ्हाईक आम्हांस अजून क्वचितच भेटतो. समजा, एका पाकिटांत ४०० ग्रॅम माल असून किंमत ७६ रुपये आहे, व दुसऱ्यांत ५०० ग्रॅम असून किंमत ९० आहे. हात पहिल्याकडे जातो, कारण ७६ हे ९० हून कमी! पण पहिला माल १९० रुपये किलो पडला आणि दुसरा १८०. पदवीधर माणसास हें त्रैराशिक येत नाहीं असें नाहीं. बाजारांत उभें राहून तें करणें त्याला कमीपणाचें वाटतें.

पांच आणि दहा रुपयांच्या पुड्यांची कथा ह्याहून मौजेची आहे. त्यांची किंमत वर्षानुवर्षें तीच राहते, म्हणून आपण त्यांस स्वस्त समजतों. प्रत्यक्षांत किंमत स्थिर ठेवून आंतले ग्रॅम हळूहळू उतरविलेले असतात. तेलाचेंही तसेंच. एक लिटर खाद्यतेलाचें वजन सुमारें ९१० ग्रॅम भरतें. परंतु लिटराच्याच आकाराच्या कित्येक पिशव्यांवर त्याहून कमी ग्रॅम छापलेले असतात, आणि ते बारीक अक्षर वाचण्यास आपणांस चष्मा सांपडत नाहीं. उलट, मोठें तेंच स्वस्त हाही समज आंधळेपणानें धरूं नये. केस धुण्याच्या शाम्पूची लहान पुडी बाटलीपेक्षां मापास स्वस्त पडते, असें अनेकदां आढळतें. तात्पर्य, नियम पाठ करून उपयोग नाहीं. दर पाहिला पाहिजे.

ह्या ठिकाणीं आमच्याच घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. दुसऱ्यास उपदेश करणाऱ्यानें आपलें फडताळ आधीं उघडावें. आम्ही घरांत पांच माणसें. महागाईवर आम्हीही पुष्कळ बोलत असूं. आमच्या मातोश्री मधूनमधून म्हणत, “अरे, घरांत आहे, आणूं नका.” तें बोलणें जुन्या वळणाचें म्हणून आम्हीं मनावर घेतलें नव्हतें. एके दिवशीं दिवाळीच्या साफसफाईसाठीं फडताळ रिकामें केलें, तों जिऱ्याचीं तीन न फोडलेलीं पाकिटें, मुदत संपलेल्या दोन बाटल्या आणि किडे झालेला अर्धा किलो रवा बाहेर आला. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. रवा घेऊन त्या मुकाट्यानें निवडावयास बसल्या. तें पाहून आम्हांस जी शरम वाटली, तिच्यांतून हा लेख निघाला आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं वही घातली. दूध आणि भाजी सोडून बाकीची प्रत्येक खरेदी तींत लिहिली. पहिल्या महिन्यांत १७,४०० रुपये गेले, आणि ते ५३ वेळां गेले! त्यांपैकीं ठरवून, गरज म्हणून घेतलेला माल ८,९०० रुपयांचा. घरांत असतांनाच पुन्हां आणलेला २,००० रुपयांचा. पोंचविण्याचीं व इतर शुल्कें ६०० रुपये. उरलेले ५,९०० रुपये केवळ दृष्टीस पडलें म्हणून घेतलेल्या जिनसांचे. तिसऱ्या महिन्यांत खरेदीच्या वेळा ९ वर आल्या आणि खर्च १२,७०० वर. ताटांतला एकही पदार्थ कमी झाला नाहीं. तूप तेंच, तांदूळ तोच. महिन्यास ४,७०० म्हणजे वर्षास ५६,४०० रुपये. ह्या काळांत कोणत्याही सरकारनें आमच्यासाठीं भाव उतरविले नव्हते.

ह्यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, कीं हा सारा चिक्कूपणा झाला. सुसंस्कृत माणसानें पै-पैचा विचार करूं नये. आमचें उत्तर असें, कीं सुसंस्कृत माणूस पै-पैचा विचार करतोच, फक्त चुकीच्या जागीं करतो. भाजीच्या टोपलीपुढें उभा राहून तो मेथीच्या जुडीवर दोन रुपये कमी करवितो, आणि घरकाम करणाऱ्या बाईनें पगारवाढ मागितली कीं त्याला एकाएकीं अर्थशास्त्र आठवतें. मात्र पाकिटावरची छापील किंमत त्याला वेदवाक्य वाटते. ती किंमत कमाल आहे. तिच्यावर एक पैसाही घेणें गुन्हा, पण तिच्याखालीं विकण्यास कोणतीही आडकाठी नाहीं. महिन्याची यादी एकदम घेणाऱ्यानें वाण्याशीं मोकळेपणानें दर बोलावा, तर तेथें ह्याची जीभ उचलत नाहीं! दुर्बळाशीं घासाघीस आणि बलवानापुढें मौन, ह्यास आम्ही सुसंस्कृतपणा म्हणत नाहीं. काटकसर ती, जी आपल्या हव्यासावर चालते. दुसऱ्याच्या भाकरीवर चालते ती कंजूषी.

दुसरा आक्षेप वेळेचा. घरांतील स्त्री-पुरुष दोघेंही नोकरीस जातात. निवडणें, दळणें, वाटणें कोणी करावें? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला आम्ही मान देतों. दिवसभर राबून आलेल्या गृहिणीनें इडलीचें तयार पीठ आणलें, तर तिला दोष देणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. आम्ही इतकेंच म्हणतों, कीं त्या पिठाबरोबर आपण वेळ विकत घेतों, हें ओळखून घ्यावें; आणि जो वेळ खरोखर वांचतो तेवढ्याचीच किंमत द्यावी. सोललेल्या लसणानें अर्धा तास वांचत असेल. पण साखरेच्या शोभिवंत बरणीनें, किंवा घरच्याच जिऱ्या-धन्याला ‘विशेष मिश्रण’ नांव देऊन चौपट भावानें आणलेल्या डबीनें कोणाचे कष्ट वांचले? शिवाय वेळेचा प्रश्न निघाला कीं तो नेहमीं स्त्रीच्याच वेळेचा कां निघावा? यादी करणें, दर पाहणें, पिशवी उचलून बाजारांत जाणें ह्यांस पुरुषाचा हात लागला तर तो झिजत नाहीं. जो गृहस्थ खर्चावर टीका करतो, पण घरांत मीठ कोठें आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याला टीकेचा अधिकारच नाहीं.

तिसरा आक्षेप जागेचा. दोन खोल्यांत वर्षाचें धान्य कोठें ठेवावें? वर्षाचें ठेवूं नका. पण दोन-तीन महिन्यांचें ठेवण्यास पत्र्याचे दोन डबे पुरतात. नव्या गव्हाचा, तुरीच्या नव्या डाळीचा, हळद-मिरचीचा हंगाम माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत असतो, हें आपल्या आयांना पाठ होतें. धान्यास चांगलें ऊन दाखवावें, डाळीस एरंडेलाचा हात लावावा, डब्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा, ह्या युक्त्या आजही तितक्याच चालतात. कांद्याचेंच उदाहरण घ्या. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखांत निघतो, तो टिकाऊ असतो. त्याचा सांठा संपत येतो आणि नवा खरीप कांदा पुरेसा येत नाहीं, त्या भाद्रपद-आश्विनांत भाव चढतात. हें बहुतेक वर्षीं घडतें, आणि बहुतेक वर्षीं आपण तितक्याच आश्चर्यानें ओरडतों! आणखी एक गोष्ट: १८ जुलै २०२२ पासून धान्य, डाळी, पीठ २५ किलोपर्यंतच्या आधीं बांधलेल्या व छापील वेष्टनाच्या पाकिटांत घेतल्यास त्यांवर पांच टक्के कर बसूं लागला, तेच सुटें घेतल्यास बसला नाहीं. वेष्टनाचा मोह किती महाग, हें ह्याहून स्पष्ट कोणी सांगावें?

परंतु एकट्या घराची शक्ति थोडी, हें आम्हांस मान्य आहे. म्हणून खरा उपाय एकत्र येण्याचा. इंग्लंडांत रॉचडेल गांवीं १८४४ सालीं २८ जणांनीं, त्यांत विणकर पुष्कळ, थोडें थोडें भांडवल जमवून लोणी, साखर, पीठ अशा मोजक्या मालाचें दुकान काढलें. रोख पैसा, शुद्ध माल, पुरें वजन, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणांत परत, हे त्यांचे नियम. त्यांतून जगभरची ग्राहक-सहकाराची चळवळ उभी राहिली. ते फार शिकलेले नव्हते; त्रासलेले होते. आपल्याकडेही १९४८ सालीं मुंबईच्या नायगांवांत कामगारांनीं सहकारी भांडार सुरू केलें, तेंच पुढें ‘अपना बाजार’ म्हणून प्रसिद्धीस आलें. १९७२ सालीं मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति स्त्रियांनीं महागाईविरुद्ध समिति उभारली आणि हजारों गृहिणी हातांत लाटणीं घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल घाऊक घ्यावा आणि आपसांत वांटून घ्यावा, अशी पद्धत घालून दिली. तींत दर महिन्यास यादी आगाऊ भरावी लागे. म्हणजे स्वस्ताईबरोबर विचार करण्याची संवयही लागे.

अशा कित्येक भांडारांना पुढें अवकळा आली. व्यवस्थापनाचे दोष असतील. पण आपला दोष आपण कां लपवावा? तेथें थंड हवा नव्हती, गुळगुळीत फरशी नव्हती, ‘एकावर एक फुकट’ ची पाटी नव्हती, म्हणून आपण त्यांना सोडून गेलों. आज एका इमारतींत चाळीस बिऱ्हाडें राहतात, आणि चाळीसही बिऱ्हाडें तोच तांदूळ पांच-पांच किलोंच्या पिशव्यांनीं, चाळीस वेगवेगळ्या वेळीं मागवितात. गणपतीची वर्गणी गोळा करण्यास आपणांस समिति स्थापितां येते. तांदळाचीं चार पोतीं एकत्र आणून वांटून घेण्यास मात्र येत नाहीं!

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे, ती फार मोठी नाहीं. एक महिना वही ठेवा. यादी केल्यावांचून बाजारांत जाऊं नका आणि उपाशी पोटीं तर मुळींच जाऊं नका. पाकिटाची किंमत न पाहतां किलोचा दर पाहा. यादींत नसलेली जिन्नस हवीशी वाटली, तर ती वहींत लिहून आठ दिवस थांबा. आठव्या दिवशींही हवी असेल तर खुशाल आणा, मनांत संकोच नको. शेजारच्या चार घरांशीं बोला. आणि घरांत जी वडील माणसें ‘आहे, आणूं नका’ म्हणत असतील, त्यांचें एकदां ऐका.

एवढ्यानें महागाई हटेल काय? नाहीं हटणार. तिच्याशीं लढण्यास मोर्चे, मतें आणि कायदे लागतीलच. पण आपल्या हिशेबाचें अज्ञान लपविण्यासाठीं जो महागाईचें नांव घेतो, त्याच्या ओरडण्यास कोणतेंही सरकार भीक घालणार नाहीं. वर्षास पन्नास हजारांची रक्कम ही मध्यम वर्गाच्या घरांत लहान नव्हे. तींत मुलीचें शिक्षण आहे, आजारांत कोणापुढें हात न पसरण्याचें स्वातंत्र्य आहे, घरकाम करणाऱ्या बाईस मान ताठ ठेवून देतां येईल अशी पगारवाढ आहे. ती रक्कम आपण रोज थोडीथोडी, न मोजतां, न भुकेल्या तोंडीं घालीत आहों. घागर गळकी असतांना विहिरीस शिव्या देऊन पाणी भरत नसतें. आधीं घागरीचें भोंक बुजवावें, मग विहिरीचा कैवार घेऊन खुशाल भांडावें. त्या भांडणांत आम्हीही वाचकांबरोबर उभे राहूं.